बिनब्रेकची सायकल

वारजे, २३ नोव्हेंबर २०२५

दिग्विजयभाऊ,

दादा असंच लिहिणार होते, पण विश्रांतवाडीच्या चौकातल्या फ्लेक्सवर 'दिग्विजयभाऊ' आहे, आणि प्रभागातल्या जनतेच्या पुढे जाणारी मी कोण? फ्लेक्स पाहिला. आमच्या शाळेतल्या रुपालीबाईंनी स्टाफरूममध्ये फोनवर सगळ्यांना दाखवला. तू हात जोडून उभा, शेजारी तुझे साहेब, आणि तुझ्या कोपराखाली मी. बावीस वर्षांची, गळ्यात पदक. खाली लिहिलंय, 'राष्ट्रीय सुवर्णकन्या चैताली हिला घडवणारे हात'. माझे पाय त्या फोटोत कापले गेलेत. असू दे, तुझे हात तरी पूर्ण आले.

फोन का नाही केला म्हणशील. तुझा नंबर मी ब्लॉक केलाय हे एक. दुसरं म्हणजे तुला मेसेज करायची चोरी झाली आहे. वाढदिवसाला 'थँक्यू दादा' लिहिलं होतं, ते तू 'ताईंचा भाऊंना जाहीर पाठिंबा' म्हणून ग्रुपवर फिरवलंस. कागदाचं बरं असतं. फॉरवर्ड करायचा तर आधी वाचावा लागतो.

मुद्द्यावर येते. माझी सायकल परत दे.

तुझ्या संपर्क कार्यालयात काचेच्या पेटीत उभी करून ठेवली आहेस ती. चार जानेवारीला बालेवाडीच्या ट्रॅकवर राज्य संघाची निवड चाचणी आहे आणि मी स्प्रिंटला उतरणार आहे. हसू नकोस. खुब्यात सळई आहे, ती राहणारच, पण डॉक्टरांनी उन्हाळ्यातच परवानगी दिली आणि तेव्हापासून मी युसूफ सरांकडे जातेय. शाळेतल्या पोरींना कवायत शिकवायची आणि उरलेल्या वेळात स्वतःचं हाड पणाला लावायचं, असं चाललंय. सर उगाच कौतुक करणारे नाहीत हे तुला माहीत आहे. शाळकरी वयात त्यांनीच मला पहिल्यांदा ट्रॅकवर चढवलं आणि त्या दिवशीही 'ठीक आहे' एवढंच म्हणाले होते. आता ते म्हणतात, तुझा पाय तयार आहे, सायकल नाही. मी चालवते ती एका ज्युनिअर मुलीची उसनी आहे. माझ्या मापाला लहान पडते, जोर लावला की खुबा अडकतो. स्वतःच्या सायकलवर बसलीस तर पहिल्या चारांत येशील, म्हणाले. चारच घेणार आहेत.

पुढच्या वर्षी मी तिशीत. सळईवाल्या तिशीच्या बाईला कुणी दुसऱ्यांदा उभं करणार नाही. तेव्हा ही एकच संधी आहे, आणि ती तुझ्या ऑफिसात कुलपात आहे.

चैताली


वारजे, ४ डिसेंबर

दादा,

तुझा निरोप आईने आणला. सोबत काजूकतलीचा डबा होता, झाकणावर तुझा फोटो. काजूकतली शाळेत वाटून टाकली. डब्यात हरभऱ्याची डाळ भरून ठेवली आहे, तुझ्या कपाळावर लेबल चिकटवलंय.

तर म्हणे सायकल माझी नाही, मंडळाची. वर्गणीतून घेतलेली. आता ती 'प्रभागाची शान' आहे आणि शान अशी कुणाच्या घरी देता येत नाही. कायद्याची भाषा तुला चांगली यायला लागली.

वर्गणी काढली होतीस, खरंय. गणपती उठले आणि तू पावतीपुस्तक घेऊन पुन्हा दारोदार फिरलास. लोक विचारायचे, आता कसली रे वर्गणी? तू सांगायचास, आमच्या चैतूला चाकं आणायची आहेत. अख्तरबानू खालांनी शिलाईचे पैसे दिले होते आणि पावतीही घेतली नव्हती. मी काही विसरलेली नाही. पण त्या लोकांनी ती चालवायला दिली होती. दसऱ्याला तू तिला झेंडूचा हार घालतोस म्हणे. जिवंत माणसाच्या फोटोला हार घालू नये म्हणतात. सायकलचं काय ते तुझ्या साहेबांना विचार.

आणखी काय विसरले नाही तेही सांगते, म्हणजे मी कृतघ्न आहे असं तुझ्या कार्यकर्त्यांनी म्हणू नये. आळंदी रोडला तुझी स्प्लेंडर पुढे आणि मी रस्त्याच्या सायकलवर तुझ्या मागच्या चाकाला चिकटून. वारा तू खायचास. हिवाळ्यात तुझे ओठ फुटायचे आणि आई तुला तूप लावायची, मी हसायचे. मागे न बघता तुला कळायचं माझे पाय भरून आलेत ते. गाडी आपोआप हळू व्हायची. असा भाऊ कुणाला मिळत नाही, हे मी तेव्हा सगळ्यांना सांगत सुटायचे. आजही सांगेन. पण तो भाऊ कुठे गेला ते मला कळत नाही.

स्प्रिंटमध्ये मागचा फायद्यात असतो. पुढचा वारा कापतो, मागचा त्याच्या आडोशाने येतो आणि शेवटच्या फेरीत बाहेरून निघून जातो. सुवर्णपदकापर्यंत मी तुझ्या मागे होते. त्यानंतर तू माझ्या मागे आलास.

मिरवणूक तू कधीच सांगत नाहीस, म्हणून मी लिहिते.

उघड्या जीपमधून नेणार होतास तोवर ठीक होतं. ऐन वेळी तुझ्या साहेबांना सुचलं की ताईंनी पदकाची सायकल चालवत पुढे यावं, फोटो झकास येईल. मी नाही म्हणाले. ट्रॅकच्या सायकलला ब्रेक नसतात हे तुला माहीत होतं, दादा. साहेबांना नसेल, तुला होतं. चाक फिरतंय तोवर पेडल फिरतं, पाय बुटांसकट त्यात अडकलेले, थांबायचं तर पायांनीच रेटून हळूहळू थांबायचं. ट्रॅकवर कुणी मध्ये येत नाही म्हणून ते चालतं. पाण्याच्या टाकीच्या उतारावर ढोल-ताशा, फटाक्यांच्या माळा आणि निम्मी आळी मध्ये असते. मी हे सगळं आईच्या देखत बोलले. तू माझ्या खांद्यावर हात ठेवलास आणि म्हणालास,

"हळू चालव की. चॅम्पियन ना तू? माझी मान खाली घालू नकोस."

मग मी बसले. गळ्यात तो गुडघ्यापर्यंतचा हार. उताराच्या मध्यावर गुलालाने चाक सरकायला लागलं, मी पाय रेटत होते, आणि खाली कुणीतरी माळ पेटवली म्हणून लेझीमची पोरं थबकली. मी पोरांवर गेले नाही. मांडवाच्या लोखंडी खांबावर गेले.

दुसऱ्या दिवशी पेपरात आलं, 'सरावादरम्यान अपघात'. मिरवणुकीला परवानगी नव्हती आणि जीपमध्ये साहेब होते. तू दवाखान्यात माझ्या उशाशी बसून म्हणालास, तूही असंच सांग, चैतू. मी सांगितलं. सगळ्या आळीने डोळ्यांनी पाहिलं आणि सगळी आळी आजही सरावच म्हणते. सात वर्षं लोक मला समजावतात की ट्रॅकवर जरा जपून चालवायला हवं होतं. नवीन मुली येतात त्यांना माझं उदाहरण देतात, अतिआत्मविश्वास कसा नडतो याचं. मी मान डोलावते. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

सात वर्षं गप्प बसले, एवढ्या भाड्यात सायकल परत मिळायला हरकत नाही.

चैताली


वारजे, १८ डिसेंबर

दादा,

आज शाळेत आलास. आलास म्हणजे काय, पाच गाड्या आणल्यास. शिपायापासून हेडबाईंपर्यंत सगळ्यांना नमस्कार केलास, सातवीच्या पोरींनी तुझ्याबरोबर सेल्फी काढले. हेडबाईंनी चहा करायला सांगितला. इतक्या वर्षांत त्यांनी मला चहा विचारलेला नाही.

तुझे केस पांढरे झालेत. फ्लेक्सवर काळे आहेत. मला वाटलं होतं, समोर आलास तर मी ओरडेन. झालं उलटंच. तू मैदानाच्या कडेला आलास, तुझा तो अभिनव की कोण, फोन घेऊन मागे-मागे फिरणारा, त्याला लांब उभं केलंस, आणि मला वाटलं आता हा काहीतरी बोलणार. सात वर्षांत बोलला नाही ते बोलणार. 

आणि तू काय बोललास? एकोणतीसला अर्ज भरायचाय. शक्तिप्रदर्शन आहे. उघडी जीप असेल, तू माझ्या शेजारी उभी राहा, सायकल बॉनेटवर बांधू. अर्ज भरून झाला की तिथूनच सायकल घेऊन जा.

दादा, तू मला मिरवणुकीला बोलावलंस. मला.

रस्ता विचारला तर म्हणालास, नेहमीचाच, टाकीवरून खाली. तुझ्या लक्षातही आलं नाही. किंवा आलं असेल, कारण मग तू बराच वेळ माझ्या बुटांकडे बघत राहिलास आणि घाईघाईने म्हणालास की आईची शुगर वाढली आहे. तुला वाईट वाटलं की तू असंच करतोस, दुसऱ्या कुणाच्या तरी आजाराचं सांगतोस.

मी विचार करून कळवते म्हणाले. करतेय विचार.

चैताली


वारजे, २४ डिसेंबर

दिग्विजय,

येते मिरवणुकीला.

जीपमध्ये उभी राहीन, हार घालीन, हातही हलवीन. अट एकच. टाकीच्या उतारावर, मांडवाचा तो खांब होता तिथे, जीप थांबवायची आणि माइक माझ्या हातात द्यायचा. मी काही जास्त बोलणार नाही. कशी पडले, कुठे पडले आणि सायकलवर बस कोण म्हणालं, एवढंच.

मंजूर असेल तर आईकडे निरोप ठेव.

युसूफ सर चिडलेत माझ्यावर. काल उसन्या सायकलवर शेवटच्या फेरीत खुबा धरला आणि मी कठड्याला टेकून रडले. पोरींसमोर. सर म्हणाले, भावाशी भांडायचं असेल तर चार तारखेनंतर भांड, आत्ता जाऊन सायकल आण, तोंड गोड करून आण, पाया पड वाटल्यास. सरांचं बरोबर आहे. शहाण्या माणसाने तेच केलं असतं. पण मला जमत नाही. तू एकदा खरं बोललास तर मी तुझ्या पायाही पडेन, नाहीतर नाही.

तुला वाटत असेल मला तुझी निवडणूक पाडायची आहे. उमेदवार आहेस तू, तुझ्या डोक्यात दुसरं काय येणार? मला फक्त परत बसायचंय रे त्या सायकलवर. रोज दुपारी शाळेच्या मैदानात उन्हात उभी असते तेव्हा माझे पाय आपोआप फिरतात. पोरी हसतात.

चैताली


वारजे, ३ जानेवारी २०२६

दादा,

निरोप आला नाही. मीही आले नाही. तुझं शक्तिप्रदर्शन जोरात झालं असं आई म्हणाली. टाकीच्या रस्त्याने नाही गेलात, हेही म्हणाली. शेवटच्या क्षणी तू रस्ता बदलायला लावलास आणि साहेब वैतागले म्हणे.

आणि काल संध्याकाळी टेम्पो आला. वर सायकल, जुन्या दोन गाद्यांमध्ये बांधलेली. ना चिठ्ठी, ना अट, ना मिठाईचा डबा. टेम्पोवाल्याने सही घेतली आणि गेला. मी ती गाद्यांसकट जिन्यावरून वर आणली. शेजारच्या काकू मदतीला आल्या तर त्यांना हात लावू दिला नाही. दार लावलं, दोऱ्या कापल्या.

ब्रेक लावले आहेस तू तिला.

पुढे एक, मागे एक. हँडलवर दोन चकचकीत लिव्हर, तारा फ्रेमला नीट पट्ट्यांनी बांधलेल्या. मी तिथेच जमिनीवर बसले. आधी वाटलं, काढून टाकते, पान्याचं काम आहे. मग बघितलं. ट्रॅकच्या सायकलला ब्रेक बसवायला जागाच ठेवलेली नसते, दादा. म्हणून पुढच्या फोर्कला आरपार भोक पाडलंय. मागच्या फ्रेमलाही.

फोर्क म्हणजे पुढचं चाक धरतो तो दांडा, तुला शिकवायला नको. ट्रॅकच्या भिंतीवरून पूर्ण वेगात खाली येताना सगळा भार त्याच्यावर येतो. सरांना फोटो पाठवला. ते इथवर आले, धानोरीहून वारज्यापर्यंत, स्कूटरवर. भोकावर अंगठा फिरवला आणि म्हणाले, "यावर मी तुला बसवणार नाही. आणि तपासणीत पंचही सोडणार नाहीत." उद्या चाचणी आहे. आमच्या वर्गातल्या मुलांना सुटीच्या दिवशी वह्या मिळत नाहीत, मला एका दिवसात ट्रॅकचा फोर्क आणि फ्रेम कुठे मिळणार?

मी तुला काय काय म्हणाले ते लिहीत नाही. भिंतीपलीकडे काकूंनी टीव्हीचा आवाज वाढवला एवढं सांगते. मला खात्री होती की तू मुद्दाम केलंस. सायकल दिलीही आणि दिली नाहीही. राजकारणात मुरलेला माणूस.

मग सायकल दुरुस्तीवाल्या तालिबला फोन लावला. भोक इतकं सरळ पाडणारा विश्रांतवाडीत तोच एक आहे.  तो म्हणाला, ताई, मी भाऊंना सांगितलं होतं, भोक पाडलं तर ही सायकल ट्रॅकची राहणार नाही. भाऊ एकटेच आले होते, बरोबर कुणी नाही, गाडीही नाही, सायकल हाताने ढकलत. म्हणाले,

"बिनब्रेकची सायकल मी माझ्या बहिणीला परत देणार नाही. एकदा दिली होती."

आणि काम होईपर्यंत तू त्याच्या दुकानाच्या पायरीवर बसून राहिलास. फोन वाजत होता, उचलला नाहीस. झाल्यावर तू ती टाकीवर चढवलीस आणि तुझ्या त्या पोटासकट स्वतः उतारावरून खाली आणलीस. तीनदा ब्रेक दाबून पाहिलेस, तालिब म्हणाला, आणि खाली आल्यावर भाऊ जरा वेळ तोंड धूत होते नळावर.

वरातीमागून घोडं म्हणतात, दादा. तुझं घोडं सात वर्षांनी आलं आणि माझ्या अंगावरून गेलं.

मला तुझा इतका राग आलाय की लिहिताना पेन कागदातून आरपार जातंय. आणि त्या नळाचं डोक्यातून जात नाहीये. या दोन्हीचं काय करायचं ते मला कुणी शिकवलेलं नाही.

चैतू


वारजे, १२ जानेवारी

दादा,

उसन्या सायकलवर उतरले. पाचवी आले. चौथी आली ती मुलगी एकोणीस वर्षांची आहे, वाघोलीला कॉलेजात शिकते, शाइस्ता नाव. अंतर फार नव्हतं. ती नंतर येऊन माझ्या पाया पडायला लागली, मी हात धरला. तिला वाटलं मी रागावले. मी फक्त तिची सायकल बघत होते, भोकं आहेत का.

सर म्हणाले, ठीक आहे.

म्हणजे संपलं. हे तुला कळवायला हवं असं नाही, पण आई तुला गोड करून सांगेल, म्हणून मीच लिहिलं. तू माझं करिअर दोनदा संपवलंस. पहिल्यांदा साहेबांसाठी आणि दुसऱ्यांदा माझ्यासाठी. दुसऱ्या वेळचं जास्त लागलं. पहिल्या वेळेला निदान तुझा राग तरी करता येत होता.

तालिबने पुढचा फोर्क काढून साधा लोखंडी बसवून दिलाय. सर म्हणतात, ट्रॅकवर नाही पण रस्त्यावर ही सायकल बिनधास्त चालव. शाळेत तिच्यावरच जाते. सिग्नलला थांबते. ट्रॅकच्या सायकलवर सिग्नलला थांबायचं, हसू येतं आणि पाय भांबावतात.

येत्या गुरुवारी मतदान. माझं नाव अजून तुमच्याच यादीत आहे. येईन. मत तुला देणार नाही, हे आधीच सांगते, नंतर बूथबाहेर माझ्या तोंडाकडे बघून हिशोब लावू नकोस. सात वर्षं 'सराव' म्हणणाऱ्याला मी मत देत नाही, मग तो कुणाचाही भाऊ असो. दुपारी जेवायला मात्र थांबेन. आईला सांग, पिठलं कर.

वळसा पडला तरी टाकीवरून येणार आहे, सायकलने. तू उताराच्या खाली उभा राहा, तो खांब होता तिथे. साहेब नकोत, अभिनव नको, फोन नको. रस्त्याच्या मधोमध उभा राहा आणि मी येईपर्यंत हलू नकोस.

चैतू